ओढा आणि नाला : आंबिल ओढ्याच्या निमित्ताने

मराठीत 'ओढा' म्हणजे लहान प्रवाह, तसाच मनाचा कलही. 'नाला' या शब्दाला मात्र शहरी बोलण्यात सांडपाण्याचा वास चिकटला आहे. हिंदीत हाच शब्द रानातील प्रवाहालाही चालतो. त्यामुळे भिलईतील मराठी भाषिकाला त्याचा अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो. प्रवाहाला आपण कोणत्या नावाने ओळखतो, यावर त्याचे भवितव्य पुष्कळदा अवलंबून असते. पुण्याचा आंबिल ओढा हे याचे बोलके उदाहरण होय.

कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला तलाव बांधून शहरात नळाने पाणी खेळविण्यात आले. पर्वतीच्या पायथ्याशी, जेथे आज सारसबाग आहे, तेथेही तलाव झाला आणि ओढ्याचा मूळ प्रवाह वळविण्यात आला. मानवी हस्तक्षेप नवा नव्हे. मात्र तेव्हा पाण्याला थांबण्यास जागा मिळाली. पुढे शहर वाढताना ती आक्रसत गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मुसळधार पावसात ओढ्याने काठच्या वसाहती गाठल्या आणि अनेकांचे बळी गेले.

अशा वेळी काठाला उंच भिंती घालण्याची सूचना हमखास पुढे येते. परंतु सरळ, गुळगुळीत पात्रात पाण्याचा वेग वाढतो, जमिनीत मुरणे थांबते आणि संकट खालच्या वस्तीकडे सरकते. पुनरुज्जीवनाची दिशा याच्या उलट आहे : सांडपाणी आधी वेगळे वळवावे, पूल व मोऱ्या रुंद कराव्यात, वळणे राखावीत, काठ उतरते ठेवून तेथे स्थानिक झाडझाडोरा वाढू द्यावा. डोह आणि खळाळ परतले की मासे, बेडूक व खंड्या यांनाही आसरा मिळतो. सिंगापूरच्या बिशान उद्यानात 2012 साली काँक्रीटच्या कालव्याचे सुमारे 3 किलोमीटरच्या नागमोडी नदीत रूपांतर झाले. एरवी लोकांच्या विहाराची असलेली हिरवळ पुराच्या वेळी पाणी सामावून घेते.

पुण्यात अशी मोकळी हिरवळ नाही. काठावर माणसे राहतात. जून 2021 मध्ये आंबिल ओढ्याकाठची घरे पाडण्यावरून संघर्ष झाला व प्रकरण न्यायालयात गेले. पाण्याला जागा द्यावयाची, तर ती कोणाची, हा प्रश्न अभियांत्रिकीचा नसून न्यायाचा आहे. प्रथम पुनर्वसन, मग पात्राचे रुंदीकरण, हा क्रम पाळला नाही, तर ओढा वाचेल, पण त्याच्याकडे कोणाच्याही मनाचा ओढा राहणार नाही.