विश्लेषण : गल्लीतलाच माणूस शहर दाखवतो तेव्हा… मिरजेला ‘ग्रीटर’ का हवेत?

माधवनगर स्थानकातून मिरजेकडे निघाले की आधी सांगली, मग विश्रामबाग आणि तिसरे स्थानक मिरज. माधवनगरकर तिथे जातो तो बहुधा रुग्णालयात कोणाला तरी भेटायला, नाहीतर लांब पल्ल्याची गाडी पकडायला. काम झाले की परत. येथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी बहुतेकांनी मोबाइलवर वाचली; पण सतारमेकरांच्या गल्लीत पाऊल टाकलेले किती? अनोळखी गल्लीत शिरायला निमित्त लागते आणि सोबतही लागते. जगातल्या अनेक शहरांनी ही सोबत मोफत देण्याची एक पद्धत बसवली आहे.

‘ग्रीटर’ म्हणजे कोण?

ग्रीटर म्हणजे स्वतःची वस्ती पाहुण्याला पायी फिरवून दाखवणारा स्वयंसेवक. सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली झाली. हे शहर म्हणजे गुन्हेगारी आणि दगदग, अशी बाहेरच्यांची समजूत लिन ब्रुक्स या न्यूयॉर्ककर महिलेला खटकत होती. त्यांनी ‘बिग ॲपल ग्रीटर’ ही संस्था काढली. पुढे शिकागो, पॅरिस अशा शहरांनी ही कल्पना उचलली आणि त्यांचे जागतिक जाळे तयार झाले.

नियम मोजके आहेत. पाहुण्याने आधी नोंदणी करायची, भाषा आणि आवड कळवायची. त्यानुसार ग्रीटर जोडून दिला जातो. एका वेळी जास्तीत जास्त सहा जण. फेरी दोन-तीन तासांची. पैसे घेत नाहीत, बक्षिसीही नाही. ग्रीटर इतिहासाचा प्राध्यापक नसतो. तो आपली बाजारपेठ, आपले प्रार्थनास्थळ, आपला चहावाला दाखवतो. त्यामुळे परवानाधारक गाइडच्या पोटावर पाय येत नाही. किल्ल्याचा सनावळीसकट इतिहास हवा असेल तर गाइडच लागतो.

मिश्र वस्तीत त्याचा उपयोग का?

कारण अशा वस्तीतल्या बहुतेक गोष्टींवर पाटी नसते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जॅक्सन हाइट्समध्ये साडीची दुकाने, बांगलादेशी किराणा, तिबेटी मोमो आणि कोलंबियन खानावळी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. कोण आधी आले, कोण कोणाकडे जेवते, हे तिथे राहणाराच सांगू शकतो.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीहून सीएसएमटीला उतरणाऱ्याला पुढचे स्थानक ‘मस्जिद’ माहीत असते. पण हे नाव ज्या ‘मशिदी’वरून पडल्याचे सांगतात, ती ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ‘शार हारहमीम’ हे सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले ते. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या समाजाला लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. स्थानकातून रोज हजारो माणसे जातात. थांबवून सांगणारे कोणी नसते.

मिरजेत दाखवण्यासारखे काय आहे?

बरेच. सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे काम आटले तसा त्यांचा हात वाद्यांकडे वळला. सुमारे १८५० पासून फरीदसाहेबांच्या घराण्याने तंतुवाद्ये घडवली आणि मिरज संस्थानच्या पटवर्धनांनी आश्रय दिला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. वाळलेला भोपळा भिजवून आतून साफ करायचा, तोंड रुंद करून पुन्हा वाळवायचा आणि मग त्याला लाकडी दांडी जोडायची. यातले सगळ्यात नाजूक काम ‘जवारी’चे. घोडीचा वरचा भाग कानसेने इतका बारीक घासायचा की तार छेडली की आवाजाला आस यावी. हे काम डोळ्यांपेक्षा कानानेच जास्त होते. व्हिडिओत ते कळत नाही, कारागिराजवळ बसूनच कळते.

तिथून ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा चालत गाठता येतो. उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांची कबर याच आवारात आहे आणि उरुसाच्या काळात त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत सभा भरते. मुस्लिम गवयाच्या स्मरणार्थ दर्ग्यात हिंदू गायक भजन-ठुमरी गातात, याचे मिरजकरांना नवल वाटत नाही. पुढे वानलेस रुग्णालय. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर. त्यांनी १८९४ मध्ये ते उभे केले. आजही या परिसरातील औषधाच्या दुकानासमोर कन्नड सहज कानावर पडते, कारण उत्तर कर्नाटकातले रुग्ण उपचारासाठी मिरज गाठतात.

मग गरज कशाची?

मिरजेची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील स्वागत कमानीवरच्या चित्रावरून इथे दंगल पेटली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेले. संचारबंदीत अनेकांचे रोजगार बुडाले. चार स्वयंसेवकांनी दंगल थांबते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण शेजारच्या मोहल्ल्यातला एखादा माणूस नावाने ओळखीचा असेल, तर मोबाइलवर आलेली अफवा पुढे ढकलण्याआधी त्याला फोन करता येतो. ही ओळख सध्या कमी होत चालली आहे.

दुसरी गरज कारागिरांची. तानपुऱ्याचे ॲप आता खिशात असते, इलेक्ट्रॉनिक तानपुरा मैफलीतही असतो. हाताच्या वाद्याला गिऱ्हाईक कमी, कष्ट जास्त. त्यामुळे पुढची पिढी दुसऱ्या कामाकडे वळते. पाहायला आलेल्या सहा जणांपैकी एकाने जरी एखादे वाद्य घेतले किंवा जुने दुरुस्तीला आणले, तरी कारखान्याला फरक पडतो.

अडचणी कोणत्या?

पहिली, गल्लीची संमती. कारखाना हे कामाचे ठिकाण आहे आणि बहुधा घराला लागून आहे. दारात मोबाइल रोखून रील करणारे वीस जण आले, तर तिसऱ्या रविवारी दार बंद होईल. म्हणून सहाची मर्यादा हवी, फोटोआधी विचारणे हवे, नमाजाच्या आणि आरतीच्या वेळा सांभाळणे हवे. दुसरी, एकाच माणसाचे सांगणे एकतर्फी होऊ शकते; दर्ग्याजवळचा, ब्राह्मणपुरीतला आणि रुग्णालयाच्या आवारातला असे वेगवेगळे ग्रीटर असले तर त्याला उतारा मिळतो. त्यात महिला हव्यातच, नाहीतर घराच्या उंबऱ्याआतले मिरज कोणी दाखवणार नाही. तिसरी अडचण सगळ्यात साधी : नोंदणी घ्यायची कोणी? महापालिका घेऊ शकते, पण एखादे वाचनालय किंवा महाविद्यालय अधिक चांगले. त्यांच्याकडे निवृत्त शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत माणसे असतात आणि एक टेबल, एक वही, एक फोन एवढ्यावर काम सुरू होते.

पहिल्या फेऱ्यांना पाहुणे परदेशातून आणण्याची गरज नाही. ते माधवनगर, कुपवाड, बुधगावातून येऊ शकतात.