पिंगलाची छंदगणना, चक्रवाढ व्याज आणि संगणक : आंतरविद्याशाखीय अध्यापनाची एक दिशा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन वेळापत्रकात गणित, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र आणि संस्कृत हे विषय चार विभागांत विभागलेले असतात. विद्यार्थ्याच्या मनात मात्र अशा भिंती नसतात. त्या आपण घालतो. कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने चक्रवाढ व्याजाचे सूत्र आपण केवळ पाठ करतो, ते समजत नाही, असे प्रस्तुत लेखकाजवळ सांगितले. दहावीनंतर तिचे गणित सुटले होते. संस्कृत श्लोकाचे लघु-गुरू मात्र ती सहज लावत असे. या अनुभवातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

उद्दिष्टे :

१) पिंगलाच्या छंदःशास्त्रातील गणनपद्धती स्पष्ट करणे.
२) तिचा चक्रवाढ व्याज व संगणकीय गणन यांच्याशी असलेला संबंध दाखविणे.
३) अध्यापनातील तिच्या उपयोगाचा व मर्यादांचा विचार करणे.

विषय विवेचन :

छंदातील प्रत्येक अक्षर लघु अथवा गुरू असते. एक अक्षर वाढले की शक्य रचनांची संख्या दुप्पट होते. म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ प्रकार संभवतात. गायत्री छंदाची एकूण अक्षरे २४. त्यांचे प्रकार मोजण्यासाठी २४ वेळा दुप्पट करीत जाणे हा सरळ, परंतु लांबचा मार्ग होय. इ. स. पूर्व काळातील मानल्या जाणाऱ्या पिंगलाने त्याहून जवळचा मार्ग दिला. त्याची सूत्रे अत्यंत त्रोटक आहेत. दहाव्या शतकातील हलायुधाच्या टीकेमुळे ती उलगडतात.

पद्धती अशी : अक्षरसंख्या सम असल्यास निम्मी करावी व '२' ही खूण लिहावी, विषम असल्यास एक वजा करून '०' लिहावे. शून्य येईपर्यंत हे करावे. २४, १२, ६, ३, २, १ या क्रमाने २, २, २, ०, २, ० अशा खुणा मिळतात. आता १ पासून आरंभ करून खुणा उलट क्रमाने वाचाव्यात. '०' असता दुप्पट व '२' असता वर्ग करावा. त्यानुसार २, ४, ८, ६४, ४,०९६ आणि शेवटी १,६७,७७,२१६ ही संख्या येते. चोवीस पायऱ्यांचे काम सहा पायऱ्यांत होते. इ. स. ११५० मधील भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही गायत्रीच्या प्रकारांचे उदाहरण आढळते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. दरमहा १ टक्का चक्रवाढ दराने १०,००० रुपयांची २४ महिन्यांनंतरची रास काढावयाची आहे. येथे १.०१ चा चोविसावा घात हवा. खुणा त्याच राहतात. फक्त '०' असता दुपटीऐवजी १.०१ ने गुणावे. पाच गुणाकारांत १.२६९७३ हे उत्तर येते व रास सुमारे १२,६९७ रुपये होते. सरळव्याजाने ती १२,४०० रुपये झाली असती. छंदातील प्रत्येक अक्षर जसे आधीची संपूर्ण संख्या वाढविते, तसाच प्रत्येक महिना आधीच्या व्याजासह संपूर्ण रक्कम वाढवितो. चक्रवाढीचा गाभा हाच होय.

संगणकशास्त्रात हीच पद्धती मोठे घात काढण्यासाठी वापरली जाते. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांकेतिक लेखनपद्धतीत संख्यांचे प्रचंड घात काढून भागाकाराची बाकी घ्यावी लागते. तेथे ६५,५३७ हा घातांक विशेष प्रचलित आहे. एकेक गुणाकार करीत गेल्यास ६५,५३६ गुणाकार लागतील. वर्ग करण्याच्या पद्धतीने १७ पुरतात.

मर्यादा :

यावरून पिंगलाने संगणक शोधला असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. त्याच्यापुढे प्रश्न छंदांचा होता. व्याजाचा किंवा गुप्त संदेशांचा नव्हता. साम्य आहे ते पद्धतीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यासक्रमात समावेश होत असताना हा विवेक आवश्यक आहे. केवळ गौरवाने विद्यार्थ्याच्या ज्ञानात भर पडत नाही. त्याने स्वतः आकडेमोड केली तरच पडते.

निष्कर्ष :

एकच पद्धती चार विषयांना जोडू शकते. त्यासाठी नवा विभाग वा निधी लागत नाही; चार विभागांतील अध्यापकांनी एकेक तासिका परस्परांना दिली तरी आरंभ होईल. उपरोक्त विद्यार्थिनीने गायत्रीचे प्रकार वहीत मोजले आणि मग व्याजाचे उदाहरण स्वतः सोडविले. सूत्र तिला पुन्हा पाठ करावे लागले नाही. गणित तिच्यासाठी कठीण नव्हते. तिला ज्ञात असलेल्या वाटेने ते आपण तिच्यापर्यंत नेले नव्हते.