बाईकचा अपघात झाला, विमाही आहे. मग दुरुस्तीचे पैसे का मिळत नाहीत?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं पाचोड हे पैठण तालुक्यातलं मोठं गाव. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वर असल्यानं इथं ट्रक, एसटी, ऊस आणि मोसंबीची वाहनं यांची वर्दळ कायम असते. मोसंबीच्या मार्केटमुळे आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आणि व्यापारी इथं येतात आणि त्यातले बरेच जण येतात ते बाईकवर.

अशा रस्त्यावर कधी कुत्रं आडवं येतं, कधी मागून कुणी धडक देतं, तर कधी खडीवरून गाडी घसरते. माणूस थोडक्यात वाचतो, पण गाडीचा चिमटा वाकतो, डूम फुटतं, टाकीला पोचा पडतो. शेतावर जायला, दूध घालायला, कामावर जायला तीच एक गाडी असेल, तर दुरुस्तीचा १०-१५ हजारांचा खर्च घरावर येतो.

"गाडीचा तर पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे," असं म्हणून माणूस शोरूममध्ये जातो आणि तिथं त्याला कळतं की, या विम्यातून स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळणार नाही.

असं का होतं? गाडी दुरुस्तीसाठी विम्याचा दावा, म्हणजेच क्लेम नेमका कसा करायचा? आणि खिशातून किती पैसे जातात? सविस्तर समजून घेऊया.

पाच वर्षांचा विमा म्हणजे नेमकं काय?

दुचाकीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात.

पहिला, थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या बाबतीत १ लाख रुपयांची मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २ हजार आणि त्यानंतर ४ हजार रुपये दंड, तसंच तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दुसरा, ओन डॅमेज. तुमच्या स्वतःच्या गाडीचं अपघात, चोरी, आग, पूर, गारपीट, दंगल अशा कारणांनी नुकसान झालं तर भरपाई मिळते ती यातून. हा भाग ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असतील तर त्याला आपल्याकडे 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण त्यासोबत मिळणारा ओन डॅमेज विमा साधारणपणे एकाच वर्षाचा असतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी तो वेगळा भरला नाही, तर पोलिसांना दाखवायला पॉलिसी चालू असते, पण स्वतःच्या गाडीचं संरक्षण संपलेलं असतं.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन तारखा असतात. थर्ड पार्टी कधी संपतो आणि ओन डॅमेज कधी संपतो, हे तिथं वेगवेगळं लिहिलेलं असतं. संपला असेल तर फक्त ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसीही घेता येते.

अपघात झाल्यावर लगेच काय करायचं?

आधी माणूस, मग गाडी. कुणी जखमी असेल तर ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या हेल्पलाइनवरूनही मदत मागवता येते.

त्यानंतर गाडी हलवण्याआधी फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा. त्यात नंबर प्लेट, नुकसान झालेले भाग आणि रस्त्यावरची जागा दिसली पाहिजे. दुसऱ्या वाहनानं धडक दिली असेल तर त्याचा नंबरही टिपून ठेवा.

मग विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर अपघाताची माहिती द्या. त्यावर एक क्लेम नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

पोलिसांत जावंच लागतं का? गाडी एकट्यानं घसरून झालेल्या किरकोळ नुकसानीसाठी कंपन्या सहसा एफआयआर मागत नाहीत. पण कुणी जखमी झालं असेल, मृत्यू झाला असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल, तर पोलीस ठाण्यात नोंद करणं गरजेचं आहे.

गाडी आधी गॅरेजला टाकली तर?

इथं अनेकांचा क्लेम अडकतो. उद्या सकाळी कामावर जायचं म्हणून माणूस ओळखीच्या मिस्त्रीकडून चिमटा सरळ करून घेतो, डूम बदलतो आणि मग कंपनीला फोन करतो. पण तोवर नुकसानीचा पुरावाच उरलेला नसतो. त्यामुळे कंपनीनं पाहणी करेपर्यंत गाडी खोलू नका आणि बदललेले जुने पार्ट फेकू नका.

५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या वाहन दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी बंधनकारक असते. बाईकचा दावा बहुतेक वेळा याहून कमी असतो. त्यामुळे कंपनी आपला माणूस पाठवते किंवा फोटो-व्हिडिओवरून नुकसान ठरवते. म्हणून तुम्ही काढलेले फोटो महत्त्वाचे ठरतात.

कॅशलेस की आधी स्वतः पैसे भरायचे?

कंपनीशी जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी दिली तर कॅशलेस सोय मिळते. म्हणजे मंजूर रक्कम कंपनी थेट गॅरेजला देते, तुम्ही फक्त तुमचा वाटा भरता. जोडलेलं गॅरेज जवळ कुठे आहे, हे क्लेम नोंदवतानाच विचारून घ्या.

ते दूर असेल तर गाडी टेम्पोत टाकून न्यावी लागते. दुचाकी उचलून नेण्यासाठी मूळ पॉलिसीत फक्त ३०० रुपयांपर्यंतचा खर्च धरलेला असतो. पाचोडहून संभाजीनगरला गाडी न्यायची तर एवढ्यात भागणं अवघड आहे. रोड साइड असिस्टन्स हे जोडकलम घेतलं असेल तर ही अडचण कमी होते.

दुसरा मार्ग रिइम्बर्समेंटचा. पाहणी झाल्यावर तुमच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये काम करून घ्यायचं, पैसे भरायचे आणि बिल कंपनीला द्यायचं. यात पक्कं बिल लागतं. साध्या कागदावर लिहिलेला हिशेब चालत नाही.

दोन्ही मार्गांत साधारणपणे ही कागदपत्रं लागतात: क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, दुरुस्तीचं एस्टिमेट, बिल, आधार-पॅन आणि बँकेचा तपशील.

पूर्ण बिल का मिळत नाही?

कारण आहे घसारा. जुन्या पार्टच्या जागी नवा पार्ट येतो, म्हणून जुन्याच्या वयानुसार रक्कम कापली जाते.

- प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी: ५० टक्के कपात
- फायबरग्लासचे भाग: ३० टक्के
- काच: कपात नाही
- धातूचे व इतर भाग: पहिल्या सहा महिन्यांत कपात नाही, त्यानंतर वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, तर ५ ते १० वर्षांपर्यंत ४० टक्के

मजुरीवर घसारा लागत नाही. याशिवाय दुचाकीच्या प्रत्येक दाव्यात १०० रुपये मालकाला सक्तीनं भरावे लागतात.

एका उदाहरणानं समजून घेऊ. समजा, गाडी अडीच वर्षांची आहे. प्लास्टिकच्या भागांचं बिल ४ हजार, धातूच्या भागांचं ८ हजार आणि मजुरी दीड हजार, असं एकूण १३,५०० रुपये. (जीएसटी सोपेपणासाठी बाजूला ठेवू.)

प्लास्टिकचे मिळतील २,०००. धातूच्या भागांवर १५ टक्के कपात होऊन ६,८००. मजुरी १,५००. त्यातून १०० वजा. म्हणजे कंपनी देईल १०,२०० रुपये आणि तुमच्या खिशातून जातील ३,३००. झीरो डेप्रिसिएशन हे जोडकलम घेतलं असेल तर घसाऱ्याची कपात होत नाही, मात्र त्यासाठी हप्ता जास्त भरावा लागतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते.

छोट्या नुकसानीसाठी क्लेम करावा का?

क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात दरवर्षी नो क्लेम बोनस मिळतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो.

समजा, वरच्याच अडीच वर्षांच्या गाडीचा सवलतीआधीचा ओन डॅमेज हप्ता वर्षाला १ हजार आहे आणि सध्या २५ टक्के बोनस मिळतोय. आज क्लेम केला आणि नंतर एकही केला नाही, तर पुढच्या पाच वर्षांत मिळून साधारण १,०५० रुपयांची सवलत बुडते. म्हणजे क्लेममधून हातात येणारी रक्कम याच्या आसपास असेल, तर खटाटोप न करणं बरं. १० हजार मिळणार असतील, तर मात्र बोनसचा विचार करत बसू नये.

क्लेम कशामुळे नाकारला जातो?

चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसणं हे मोठं कारण. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवत होता मुलगा, तर त्यात अडचण नाही. पण मुलाकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स हवं. दारू पिऊन गाडी चालवली असेल तरही भरपाई मिळत नाही.

दुसरं कारण ग्रामीण भागात जास्त दिसतं, ते म्हणजे नावावर न केलेली सेकंड हॅण्ड गाडी. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्याच्या कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे जातो. पण ओन डॅमेजचं तसं नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. नाहीतर नुकसान नव्या मालकाचं, पॉलिसी जुन्या मालकाची आणि पैसे कुणालाच नाहीत, अशी अवस्था होते.

झिजलेले भाग, इंजिनमधला आपोआप झालेला बिघाड किंवा नुसता फुटलेला टायर यासाठीही भरपाई नसते.

मात्र पीयूसी नव्हतं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयनं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तसंच कळवायला उशीर झाला, पण त्यामागं खरं कारण असेल, तर केवळ उशिरामुळे योग्य दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ओम प्रकाश प्रकरणात म्हटलंय. दवाखान्यात ॲडमिट असल्यामुळे फोन करता आला नसेल, तर त्याचे कागद जोडा.

कंपनीनं दाद दिली नाही तर?

दावा नाकारला असेल तर कारण लेखी मागा. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. तिथं काम झालं नाही, तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवता येते.

कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. इथं फी नाही, वकीलही लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तिथं दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

आणि तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, पण चूक समोरच्या वाहनाची होती, तर? अशा वेळी समोरच्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. पोलिसांतली नोंद आणि त्या वाहनाचा नंबर हेच तिथं तुमचे मुख्य पुरावे असतात. त्यामुळे जागेवरच समझोता करून निघण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढलेला बरा.