उपद्रवकारक वनस्पती, हिरवळ आणि नैसर्गिक उद्यान : धारूरच्या संदर्भात नगर-नियमांचा विचार

नगरातील वनस्पतींविषयी आपल्याकडे जे कायदे प्रचलित आहेत, त्यांत वृक्षाला नाव आहे, उद्यानाला जागा आहे आणि उपद्रवकारक वनस्पतीला शासन आहे. परंतु जी वनस्पती वृक्ष नव्हे, शोभेची नव्हे आणि उपद्रवकारकही नव्हे, तिच्याविषयी हे कायदे बहुतांशी मौन पाळतात. या मौनाचा परिणाम काय होतो व तो कोणत्या साधनाने दूर करता येईल, याचा विचार बीड जिल्ह्यातील धारूर या लहान नगराच्या संदर्भात करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

धारूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले किल्ल्याचे गाव. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास येथील किल्ला उभारिला. प्रदेश पर्जन्यछायेतील, माती उथळ व खडकाळ. अशा भूमीची स्वाभाविक वनस्पती म्हणजे दाट अरण्य नव्हे. कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते, मधूनमधून तरवड, रुई, बोर व सीताफळ यांची झुडुपे, आणि विरळ वृक्ष, असे तिचे रूप असते. बालाघाटच्या सीताफळाची कीर्ती सर्वश्रुत आहे. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तथापि ज्या माळरानाच्या समूहात हे झाड वाढते, त्या समूहाला नगराच्या हद्दीत ‘मोकळी पडीक जागा’ एवढीच संज्ञा मिळते.

आता कायद्यांकडे वळू. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ यातील कलम ४९ अन्वये सार्वजनिक जागांची स्वच्छता राखणे, उपद्रवकारक वनस्पती काढून टाकणे व सार्वजनिक उपद्रवांचे निवारण करणे ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये आहेत. ही शब्दयोजना नवी नाही. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमात ती जवळजवळ याच स्वरूपात आढळते. वनस्पतीचा उल्लेख तेथे रस्ते व गटारे यांच्या सफाईच्या सोबतीने येतो. अर्थात् दृष्टी आरोग्यखात्याची आहे, वनस्पतिशास्त्राची नव्हे. धारूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या नागरी कायद्याची ही परंपरा त्याच्याकडे आली.

यानंतर १९७५ साली महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आणि वृक्षतोडीस पूर्वपरवानगी ही त्याची प्रमुख अंगे होत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षास वारसावृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु या अधिनियमाचा विषय बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती हा आहे. गवते व पावसाळी वर्षायू वनस्पती त्याच्या कक्षेत येत नाहीत. एक जुनी चिंच तोडावयाची तर अर्ज करावा लागतो. शेजारचे मारवेलीचे रान नांगरून टाकावयाचे तर या अधिनियमाखाली कोणास विचारावे लागत नाही.

तिसरा नियम मोकळ्या जागांचा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. म्हणजे किमान ४०० चौरस मीटर. ही जागा सुशोभित करताना सामान्यतः मनात येते ती हिरवळ. कोरड्या दिवसांत हिरवळ हिरवी राखण्यास रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे गृहीत धरले, तर चौरस मीटरमागे ५ लिटर आणि ४०० चौरस मीटरांस २,००० लिटर पाणी झाले. भुयारी गटारे नसलेल्या नगरांसाठी माणशी ७० लिटर हे पाणीपुरवठ्याचे मान धरले जाते. त्या हिशेबाने एवढे पाणी सुमारे २८ माणसांचे होते. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. जेथे पिण्याचे पाणी व जनावरांची वैरण या दोहोंची ओढ असते, तेथे पाणी पिणारे व वैरण न देणारे गवत लावणे आणि बिनपाण्याचे वैरणीचे गवत उपटणे हा व्यवहार तपासून पाहण्याजोगा आहे.

हानी केवळ पाण्याची नाही. पहिल्या पावसाबरोबर उगवणारा तरोटा, म्हणजेच टाकळा, हा तणात गणला जातो. परंतु त्याची कोवळी पाने भाजीस चालतात आणि पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या काही जातींच्या अळ्या त्यावर पोसतात. रुईवर ‘डॅनॉस क्रिसिपस’ या नारिंगी फुलपाखराची अळी वाढते. चंडोल व तितर हे जमिनीवर गवताच्या आडोशाने घरटी करतात. सतत कापलेल्या हिरवळीवर यांपैकी कोणाचाही निर्वाह होत नाही.

हा प्रश्न इतरत्र न्यायालयापर्यंत गेला आहे. कॅनडातील टोरांटो येथे गवत व तण यांच्या ‘अतिवाढी’बद्दल एका स्त्रीस दंड झाला होता. तिने आपल्या अंगणात हेतुपुरस्सर नैसर्गिक उद्यान राखले होते. १९९६ साली ओंटॅरिओच्या न्यायालयाने तो नियम संदिग्ध व अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करणारा ठरविला. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने २०२१ साली कायदा करून गृहसंघांस हिरवळीची सक्ती करण्यास मनाई केली. त्याच वर्षी नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या परिसरात केवळ शोभेच्या हिरवळीस कोलोरॅडो नदीचे पाणी २०२७ पासून बंद करण्याचे ठरविले. आपल्याकडे घरोघर हिरवळीची सक्ती नाही, म्हणून ही उदाहरणे जशीच्या तशी लागू होत नाहीत. परंतु टोरांटोच्या निकालातील संदिग्धतेचा मुद्दा आपणांसही लागू आहे. ‘उपद्रवकारक’ म्हणजे कोणती वनस्पती, हे ठरविण्याचे गमक नसेल तर तो निर्णय विळा हाती असलेल्या माणसाच्या मर्जीवर राहतो.

याचा अर्थ सर्व तण राखावे असा नव्हे. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळले. त्याने त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात, आणि ते इतर गवतांची जागा बळकावते. घाणेरी व वेडी बाभूळ यांचा उपद्रवही सिद्ध आहे. किल्ल्याच्या तटात रुजलेला पिंपळ काढणेही अवश्य आहे. वाढलेल्या गवतात साप येतात व डास होतात, असा आक्षेप घेतला जातो. त्यांपैकी डासांची उत्पत्ती साचलेल्या पाण्यात होते, गवतात नव्हे. सापांचे भय मात्र निराधार नाही. म्हणून वस्तीलगतचा पट्टा व पायवाटा कापून स्वच्छ राखाव्यात. उरलेले गवत बी पडल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमारास, कापून वैरणीस द्यावे. त्यामुळे उन्हाळ्यातील वणव्याचे भयही टळते.

मग गमक कोठून आणावे? ते कायद्यातच आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक आहे. लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे मुख्य काम. ‘स्थानिक संस्था’ या संज्ञेत ग्रामपंचायतींप्रमाणे नगरपरिषदाही येतात. याच अधिनियमाखाली पुण्याचे गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तेव्हा नगरातील जागा या कायद्यास परकी नाही.

सूचना एवढीच की, १९६५ च्या अधिनियमातील ‘उपद्रवकारक’ या शब्दाचा अर्थ २००२ च्या अधिनियमातील नोंदवहीच्या आधाराने लावावा. नगरपरिषदेने ठराव करून दोन याद्या ठेवाव्यात. पहिली काढावयाच्या वनस्पतींची, दुसरी राखावयाच्या. मोकळ्या जागांपैकी काही भाग दुसऱ्या यादीतील गवतांस व झुडुपांस द्यावा, आणि तेथे ते राखीव असल्याची पाटी लावावी. पाटी नसल्यास जपलेले रान आणि दुर्लक्षित जागा यांतील भेद जाणाऱ्या-येणाऱ्यास कळत नाही.

या याद्यांचे काम केवळ कार्यालयात होणारे नाही. ऋतूंनुसार चौकटी टाकून गवतांची मोजणी करणे, गुराखी, वैदू व रानभाज्या विकणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून नावे व उपयोग टिपून घेणे, हे पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातील काम आहे. कायद्याला जे नाव ठाऊक नाही, ते त्याला पुरविण्याचा अधिकार व जबाबदारी अशा अभ्यासाकडे येते. नाव मिळेपर्यंत माळावरचे गवत हे तणच राहील, आणि तण काढणे हे नगरपरिषदेचे कर्तव्यच आहे.