नोंद कोणत्या मॉड्यूलची?

धारवाडात बेंद्रे कन्नडमध्ये लिहीत होते आणि जी. ए. कुलकर्णी मराठीत. अशा गावातल्या ग्रंथालयासाठी दोन्ही भाषांतल्या पुस्तकांची यादी छापणारा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा आहे, असे समजू. त्याचे तीन मॉड्यूल: वाचन, क्रम आणि छपाई. छापलेल्या यादीत रकाने वेडेवाकडे येतात. चूक तिघांपैकी कोणाची?

जागोजागी प्रिंटएफ घालणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. पण हजारो नावांच्या यादीवर नोंदींचा ढीग साचतो आणि हवी ती ओळ त्यात हरवते. काम झाल्यावर ते पुसायचे असतात; निम्मे राहूनच जातात.

त्याऐवजी सामाईक हेडर फाइलमध्ये हॅश-डिफाइनने एक नोंद-मॅक्रो करावा. प्रत्येक मॉड्यूलने ती फाइल जोडण्यापूर्वी आपले नाव आणि 1 किंवा 0 हा चालू-बंद आकडा जाहीर करावा. मग छपाईची नोंद चालू आणि बाकीच्या बंद ठेवता येतात. फंक्शन का नको? फंक्शनच्या आत ओळ क्रमांक घेतला तर फंक्शनचीच ओळ मिळते. मॅक्रो कंपाइल होण्यापूर्वी जागच्या जागी उलगडतो, म्हणून जिथे तो लिहिला तिथलीच फाइल आणि ओळ नोंदीत येते. कितीही मूल्ये घेणारे मॅक्रो 1999 च्या सी मानकापासून अधिकृत आहेत.

आता पडद्यावर दिसते: ‘छपाई, ओळ 42: धारवाड, लांबी 18’. आपण धा, र, वा, ड अशी चार अक्षरे मोजतो. युनिकोडमध्ये काने वेगळे धरून सहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, कन्नडचेही तसेच. छपाईचे मॉड्यूल बाइट मोजून रकाना आखत होते. व्याकरण शिकवणाऱ्यालाही ही एक ओळ पुरेशी आहे.

नोंदीच्या कंसात मात्र गणक वाढवण्यासारखी कृती कधीही लिहू नये. नोंद बंद केली की ती कृतीही थांबते आणि प्रोग्रॅम वेगळाच वागू लागतो. अशी चूक शोधणे फार जिकिरीचे. शिवाय बंद मॅक्रो अगदी रिकामा ठेवला तर त्यातल्या चुका कंपाइलरच्या नजरेस पडत नाहीत. लिनक्स कर्नलमध्ये बंद नोंद कधीच खरी न होणाऱ्या अटीत ठेवतात. कंपाइलर ती तपासतो आणि तयार प्रोग्रॅममधून गाळतो.