आठ ओळींचा तास

केंब्रिज विद्यापीठात १९२०च्या दशकात आय. ए. रिचर्ड्स आपल्या विद्यार्थ्यांना कविता छापलेले कागद वाटत. त्यावर कवीचं नाव नसे. मुलांनी आठवडाभर त्या कविता पुन्हा पुन्हा वाचायच्या, वाटेल ते मोकळेपणानं लिहून द्यायचं, आणि पुढच्या व्याख्यानात रिचर्ड्स कवितांइतकंच त्या अभिप्रायांवरही बोलत. तेरा कवितांवरचे असे अभिप्राय त्यांनी १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात मांडले. लिहिणारी बहुतेक मुलं इंग्रजी साहित्यातच पदवी घेणारी, इंग्रजीतच वाढलेली. तरीही कित्येकांना कवितेचा साधा, सरळ अर्थच लागला नव्हता. जॉन डनचं सुनीत होतं, हॉपकिन्सची कविता होती. पण नाव झाकल्यावर थोरवीचा आधार गेला आणि मुलं आपापल्या तयार भावना कवितेवर चढवू लागली. आपल्याकडे एम.ए.च्या पेपरात ‘रिचर्ड्स यांचे समीक्षेतील योगदान’ असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर गाइडमधून पाठ केलं जातं. त्या पुस्तकातून निघणारा खरा धडा मात्र वर्ग कसा चालावा याचा आहे. चुकीचं वाचन वाचणाऱ्याला कधीच चुकीचं वाटत नाही. त्याच कवितेचं दुसऱ्यानं केलेलं वाचन शेजारी आलं, तरच आपण कुठे घसरलो ते दिसतं. म्हणून चर्चा हा साहित्याच्या तासाचा गाभा आहे, वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे.

वर्ड्सवर्थच्या ‘ल्यूसी’ कवितांपैकी आठ ओळींची एक कविता घ्या. पहिल्या चार ओळी भूतकाळात आहेत: मनावर झापड होती, तिला काळाचा स्पर्श होणारच नाही असं वाटत होतं. पुढच्या चार वर्तमानकाळात: आता तिला हालचाल नाही, दिसणं नाही, ऐकणं नाही, पृथ्वीच्या रोजच्या फेऱ्यात ती खडक, दगड आणि झाडांसोबत फिरते आहे. मृत्यू हा शब्द कुठेच नाही. एफ. डब्ल्यू. बेटसन यांना या शेवटात सांत्वन दिसलं, ती विराट निसर्गाच्या जीवनात सामावली असं. क्लीन्थ ब्रुक्स यांना तिथे धक्का दिसला, प्रिय व्यक्ती दगडासारखी जड वस्तू झाल्याचा. दोघेही जाणकार आणि ओळी त्याच. वर्गात एखादी मुलगी म्हणते, ‘सर, यात दुःखच आहे, ती दगडांत जाऊन पडली.’ मागच्या बाकावरून कुणी विचारतं, ‘मग शेवटी झाडं कशाला? झाड तर वाढतं.’ त्या एका प्रश्नानं सगळा वर्ग पुन्हा ओळीकडे वळतो. तिसरा म्हणतो, झाड जिवंत असलं तरी त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणजे ते तिच्याच जातीचं झालं. इथे नोट्समधलं एकही वाक्य कामाला येत नाही. ‘झाडं’ हा शब्द तिथे का आहे याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते देताना मुलगा वाचायला शिकतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मग ज्याला जे वाटेल ते खरं. साहित्याला शिस्त उरणार नाही. अमेरिकी समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९७१ साली केलेला प्रयोग या आक्षेपाच्या बाजूनं उभा राहू शकतो. आधीच्या तासाला फळ्यावर भाषातज्ज्ञांच्या आडनावांची यादी लिहिली होती. फिश यांनी तिच्याभोवती चौकट काढली आणि सतराव्या शतकातली धार्मिक कविता शिकणाऱ्या पुढच्या वर्गाला सांगितलं, ही कविता आहे. मुलांनी त्या यादीतून बायबलमधले संदर्भ आणि प्रतीकं काढून दाखवली. अर्थ वाचकांच्या समूहाच्या सवयींतून घडतो, असं फिश यांनी त्यावरून मांडलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो सगळा वर्ग एकाच सवयीनं वाचत होता, आणि ‘ही खरंच कविता आहे का?’ हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरला नाही. सगळ्यांनी मिळून एकच बोलणं म्हणजे चर्चा नव्हे. चर्चेला विरोध लागतो, आणि विरोधाला ओळीतला पुरावा लागतो. शिस्त येते ती तिथूनच. शिक्षकाचं ज्ञानही याच क्षणी हवं असतं: शब्दाचा त्या काळचा अर्थ, छंद, संदर्भ. प्रश्न पडण्याआधी दिलेली माहिती वहीत जाते, डोक्यात राहत नाही.

दुसरी अडचण जास्त खरी आहे. वर्गात मुलं फार असतात, सेमिस्टर लहान असतं, आणि तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी इंग्रजीत तोंड उघडायला घाबरते. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तिला काही कळलं नाही असा घेतला जातो, आणि हा मोठा अन्याय आहे. तिला मराठीत बोलू द्या. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’मध्ये हॅम्लेट मराठीत आणला, इंग्रजी शिकवणाऱ्या विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ केलं. इंग्रजी साहित्याचा विचार मराठीत करणं ही आपली जुनी वाट आहे. अर्थ मराठीत पक्का झाला की तो परीक्षेपुरता इंग्रजीत लिहिणं शिकवता येतं. उलटा क्रम मात्र फक्त पाठांतर देतो. सगळा अभ्यासक्रम असा शिकवता येणार नाही, हे मान्य. कादंबरीची पार्श्वभूमी, कालखंडांचा इतिहास यांसाठी व्याख्यानच बरं.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एवढीच विनंती: आठवड्यातला एक तास राखून ठेवा. फळ्यावर आठच ओळी लिहा, कवीचं नाव सांगू नका, आणि पहिली पंधरा मिनिटं मुलांना बोलू द्या.