जुन्या ट्रकचा पूर्वेतिहास

टेक्सास, ओक्लाहोमा किंवा वायोमिंग या अमेरिकेच्या विस्तीर्ण राज्यांत जो गृहस्थ चार घोडे बाळगतो, सुट्टीच्या दिवशी त्यांना रोडिओच्या मैदानावर नेतो आणि घोड्यांबरोबर आपल्याही निजण्याजेवण्याची सोय एकाच लांबलचक ट्रेलरमध्ये करून घेतो, त्याच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच की, आजवर हे ओझे ओढणाऱ्या पिकअप गाडीवरच विसंबून राहावे, की शहरात दहा-बारा वर्षे मालाची ने-आण करून निवृत्त झालेला एखादा मध्यम वजनाचा ट्रक विकत घेऊन त्यास या कामी जुंपावे. नव्या जड पिकअपची किंमत ऐकून सुखवस्तू शेतकऱ्याचाही जीव दडपतो. निवृत्त ट्रक मात्र तिच्या काही अंशातच पदरात पडतो, आणि त्याचा भक्कम लोखंडी सांगाडा व उंच बैठक पाहून मनात आपोआप भरवसा उत्पन्न होतो. हा भरवसा सर्वस्वी निराधार नसतो. परंतु तो बहुधा ताज्या रंगावर आणि धुतलेल्या इंजिनावर बसतो, आणि ट्रकची खरी योग्यता मात्र त्याने पूर्वायुष्यात कोणती चाकरी केली आणि त्याचे इंजिन कोणत्या सालचे आहे, या दोन गोष्टींत दडलेली असते.

अमेरिकी संघसरकारच्या दफ्तरी ट्रकची प्रतवारी वाहन आणि त्यावरील माल मिळून कारखान्याने जो कमाल भार मंजूर केलेला असतो त्यावरून ठरते. असे एकूण आठ वर्ग आहेत. त्यांपैकी १४,००१ पौंडांपासून ३३,००० पौंडांपर्यंतचे, म्हणजे स्थूलमानाने सहा टनांच्या किंचित वरपासून पंधरा टनांपर्यंतचे, चौथा ते सातवा हे वर्ग व्यापारात सामान्यतः मध्यम समजले जातात. फ्रेटलायनरचा एम-टू, इंटरनॅशनलचा ४३०० व त्यापूर्वीचा ४७००, फोर्डचा एफ-६५० आणि २००९ साली उत्पादन बंद पडलेले जनरल मोटर्सचे कोडियाक व टॉपकिक ही या वर्गांतील नामांकित घराणी होत.

खरेदीचा विचार मात्र ट्रकपासून सुरू न करता ट्रेलरपासून सुरू करावा. विक्रेत्याच्या पत्रकात ट्रेलरचे जे वजन छापलेले असते ते रिकाम्या ट्रेलरचे. त्यात घोडे नसतात, खोगिरे नसतात, गवताच्या गासड्या नसतात आणि पाण्याची टाकीही कोरडी असते. समजा, राहण्याच्या खोलीसह चार घोड्यांचा ट्रेलर रिकामा असताना ११,००० पौंडांचा भरतो. त्यात प्रत्येकी हजार-अकराशे पौंडांचे चार घोडे आणि दोन हजार पौंडांचे सामान चढले की तो १७,००० पौंडांच्या आसपास जातो. अशा ट्रेलरची मान ट्रकच्या मागील आसाच्या माथ्यावर बसविलेल्या पोलादी गोळ्यावर टेकते, आणि एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तेथून ट्रकच्या पाठीवर उतरतो. म्हणजे निव्वळ मानेचाच भार दीड टनाहून अधिक झाला. महामार्गांवरील ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात. भरलेला ट्रेलर एकदा तेथे नेऊन प्रत्येक आसावरील वजनाची पावती घेतली, तर पुढील अर्ध्या चुका टळतात, कारण त्या पावतीवरचे आकडेच कोणत्या वर्गाचा ट्रक पाहावयाचा ते ठरवून देतात.

आता कोणी म्हणेल की, मागे दुहेरी चाके असलेल्या आजच्या जड पिकअप गाड्या ३०,००० पौंडांहूनही अधिक भार ओढतात, असे त्यांचे कारखानदार जाहीरपणे सांगतात. मग ही उठाठेव कशासाठी? कारखानदारांचे म्हणणे खोटे नाही. परंतु डेन्व्हरच्या पश्चिमेस आंतरराज्यीय महामार्ग ७० ज्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे, आणि बोगद्यातून बाहेर पडून पायथ्याकडे निघालेल्या वाहनाला तेथे काही ठिकाणी सात टक्क्यांपर्यंतचा उतार मैलोगणती उतरावा लागतो. तेथे ओढण्याच्या सामर्थ्याचा काहीच उपयोग नसतो. मागून रेटणारे आठ टन थोपवून धरण्याचे सामर्थ्य लागते. मध्यम ट्रकचे ब्रेक आकाराने मोठे असतात, आस आणि पाटे जाड असतात, इंजिनाच्या धुराची वाट अडवून गती रोखणारा ब्रेक त्यास असतो किंवा बसविता येतो, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच इतका जड असतो की, आडव्या वाऱ्यात किंवा अचानक वळणात ट्रेलरने ट्रकला हेलकावण्याचा प्रसंग सहसा येत नाही. याचे मोल मात्र रोज द्यावे लागते. बैठक कठीण असते, वळण्यास जागा पुष्कळ लागते, टायर महाग असतात, आणि बायकोला याच गाडीतून बाजारहाटाला नेऊ अशी कल्पना असेल तर ती वेळीच सोडून देणे गृहसौख्याच्या दृष्टीने इष्ट होय.

आता पूर्वेतिहासाकडे वळू. बाजारात येणाऱ्या या ट्रकांपैकी पुष्कळसे भाड्याने ट्रक देणाऱ्या रायडर, पेन्स्की यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यांतून आलेले असतात. त्यांच्या देखभालीची नोंद तारीखवार ठेवलेली असते, हा त्यांचा मोठा गुण. आणि त्यांस नित्य नवा चालक लाभलेला असतो, हा त्यांचा मोठा दोष. शीतपेयांच्या पेट्या पोहोचविणारा ट्रक कमी मैल चाललेला, परंतु दर चौकात थांबून थांबून ब्रेक आणि गिअरबॉक्स थकलेला असतो. वीजकंपनीचा शिडीवाला ट्रक मैलांच्या हिशेबाने जवळजवळ कोरा दिसतो. पण खांबाशी उभा राहून त्याचे इंजिन दिवसदिवस चालू असते, आणि त्या उभ्या अवस्थेतील झिजेची नोंद मैल दर्शविणाऱ्या काट्यावर होत नाही, ती तास मोजणाऱ्या यंत्रावर होते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. तासांच्या मानाने मैल फारच थोडे दिसले, तर ते इंजिन धावण्यापेक्षा उभ्यानेच अधिक झिजले आहे असे समजावे. नगरपालिकेचा बर्फ सारणारा ट्रक तर, कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रस्त्यावर पसरलेल्या मिठात तो आयुष्यभर न्हालेला असतो.

येथे कायद्यातील एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. मोटार विकणाऱ्याने ती किती मैल चालली हे लेखी जाहीर करावे, असा अमेरिकेत संघराज्याचा नियम आहे. परंतु १६,००० पौंडांहून अधिक मंजूर भाराच्या वाहनांना त्यातून सूट आहे. म्हणजे ज्या ट्रकच्या खरेदीत हा दाखला सर्वांत उपयोगी पडला असता, नेमका तेथेच तो सक्तीचा नाही. बैलबाजारात दात पाहिल्याविना दाव्याला हात न लावणारा आपल्याकडचा शेतकरी या खरेदीस गेला, तर त्यानेही इंजिनाच्या संगणकातील नोंद मागावी, गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना तपासणीस पाठवावा आणि टायरच्या कडेवर कोरलेले शेवटचे चार अंक वाचावेत. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे असतात, आणि खोल नक्षीचे पण दहा वर्षांचे टायर हे नव्या टायरांच्या खर्चाची आगाऊ सूचना होय.

परंतु सर्वांत अधिक विचार इंजिनाच्या सालाचा करावा लागतो, कारण अमेरिकेत डिझेल इंजिनांचा अलीकडचा इतिहास हा बव्हंशी धुरावरील निर्बंधांचा इतिहास आहे. जुन्या जाणकारांच्या बैठकीत इंटरनॅशनलच्या डीटी ४६६ या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे नाव निघाले की, आवाज आदराने खाली येतो. ४६६ घनइंच, म्हणजे सुमारे साडेसात लिटर क्षमतेच्या या इंजिनाच्या सिलिंडरांना बदलता येणारे अस्तर असते, त्यामुळे इंजिन ट्रकमधून बाहेर न काढता जागच्या जागी नव्याने उभे करता येते. कॅटरपिलरचे ३१२६ आणि त्यानंतरचे सी-७ ही इंजिने जोरकस खरी, परंतु त्यांना अशी अस्तरे नाहीत, आणि २०१० पर्यंत कॅटरपिलरने महामार्गावरील ट्रकांच्या इंजिनांचा धंदाच आवरता घेतल्याने त्यांच्या मालकाला सुट्या भागांच्या दुकानी थोडे अधिक हेलपाटे पडतात. कमिन्स हे नाव पुणेकरांच्या परिचयाचे आहे. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत ती कंपनी कोथरुडास आली. तिचे ५.९ लिटरचे इंजिन साधे, काटकसरी आणि सर्वत्र दुरुस्त होणारे आहे. मात्र १९९९ ते २००१ च्या सुमारास त्यातील काही ब्लॉक बाजूने तडकत असत. त्यांवर ५३ हा आकडा ओतलेला आढळतो, आणि तो पाहण्यासाठी गाडीखाली वाकण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

२००४ च्या सुमारास धूर पुन्हा इंजिनात फिरविण्याची योजना आली, आणि तिच्याबरोबर त्या धुराला थंड करणारी, पाणी गळणारी नळकांडीही आली. २००७ च्या निर्बंधांनी काजळी धरणारी गाळणी आणली. ही गाळणी अधूनमधून आपल्यातील काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी लांब, अखंड प्रवासाची उष्णता तिला लागते, आणि शहरातल्या शहरात फिरलेल्या ट्रकला ती क्वचितच लाभलेली असते. २०१० नंतर युरियाच्या पाण्याची फवारणी आली. या वेळी इंटरनॅशनलची मालक कंपनी नॅव्हिस्टार हिने युरियाशिवाय केवळ धूर फिरवूनच नियम पाळण्याचा हट्ट धरला, आणि मॅक्सफोर्स या नावाची त्या काळातील इंजिने इतकी बिघडली की, २०१२ साली तो मार्ग कंपनीलाच सोडावा लागला. मॅक्सफोर्सचे ट्रक आज लिलावात आश्चर्यकारक स्वस्त दिसतात, आणि त्या स्वस्ताईला कारण आहे. काही मालक गाळणी काढून टाकून मोकळे होतात; परंतु ते संघराज्याच्या हवाशुद्धीच्या कायद्याविरुद्ध आहे, आणि असा ट्रक घेणारा त्याचे झेंगटही आपल्या नावावर घेतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२३ पासून १४,००० पौंडांवरील बहुतेक सर्व डिझेल ट्रकांना २०१० च्या मर्यादेचे इंजिन असल्याशिवाय नोंदणीच मिळत नाही. शिवाय ट्रकचे साल आणि इंजिनाचे साल एक असतेच असे नाही. वाहनाच्या सतरा अक्षरी क्रमांकातील दहावे अक्षर ट्रकचे साल सांगते. इंजिनाचे साल मात्र त्याच्यावर डकवलेल्या पट्टीवरच वाचावे लागते. नवे निर्बंध येण्यापूर्वी व्यापाऱ्यांनी जुनी इंजिने उचलून ठेवली होती, त्यामुळे २००७ च्या ट्रकमध्ये २००६ चे इंजिन निघणे हे या बाजारातील एक लहानसे घबाडच समजले जाते.

इंजिन उत्तम आणि गिअरबॉक्स अनुचित, असा ट्रक घेऊन पस्तावलेले पुष्कळ असतात. अ‍ॅलिसनचा एटी ५४५ हा जुना चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स लक्षावधी शाळाबसांत निमूटपणे राबला. परंतु त्यात इंजिन व चाके यांची घट्ट जोड करणारी कळ नाही, म्हणून घाटात त्याचे तेल तापते आणि उतारावर तो इंजिनाचा आधार पुरता देत नाही. १९९९ च्या सुमारास आलेली त्याच कंपनीची २००० क्रमांकाची मालिका किंवा तिच्याहून दणकट ३००० ची मालिका ट्रेलरसाठी निःसंशय बरी. मागील आसाचे गुणोत्तरही विचारावे. शहरी ट्रकला ते ५.२९ च्या आसपास असते. अकरा इंची रुंदीचे नेहमीचे टायर आणि सरळ गतीचा शेवटचा गिअर धरला, तर इंजिनाच्या मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर असा ट्रक ताशी ८८ किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि मोकळ्या महामार्गावर मागची सारी रहदारी त्याच्यावर खोळंबून राहते.

सांगाड्याची परीक्षा दिवसाउजेडी, हातात हातोडी घेऊन करावी. दोन पोलादी पट्ट्यांच्या फटीत गंज शिरून त्या फुगल्या असतील, तर तेथे वरून दिलेला काळा रंग काही लपवू शकत नाही. सव्वीस फुटी पेटारा वाहिलेला ट्रक ट्रेलरच्या कामी फारच लांब पडतो. त्याचा सांगाडा कापून आखूड करता येतो, पण ते काम या विद्येत मुरलेल्या कारागिराचेच आहे. ब्रेकच्या बाबतीत एक घोटाळा वारंवार होतो. ट्रक हवेच्या ब्रेकचा असतो, तर घोड्यांच्या ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात. या दोहोंची गाठ घालून देणारे नियंत्रक मिळतात, ते आधीच पाहून ठेवावे.

परवान्याचा प्रश्न नाजूक आहे. १९८६ च्या कायद्यान्वये, ट्रक व ट्रेलर मिळून २६,००० पौंडांहून अधिक मंजूर भार आणि त्यातील ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असेल, तर धंद्यासाठी तो चालविणाऱ्यास वरच्या प्रतीचा व्यापारी परवाना लागतो. आपल्याच शेताचा माल शेतापासून १५० मैलांच्या आत नेणाऱ्या शेतकऱ्याला राज्ये सवलत देतात, आणि हौसेखातर घोडे नेणारा बहुधा या तरतुदीबाहेर राहतो. तथापि टेक्सास व कॅलिफोर्निया येथे त्यालाही अशा जड जोडीसाठी बिनव्यापारी पण वरच्या वर्गाचाच परवाना काढावा लागतो. मालकीच्या दाखल्यावर सावकाराचे तारण नोंदलेले नाही ना, हे खरेदीच्या दिवशीच पाहावे. विमा कंपन्यांपैकी पुष्कळ जणी एवढ्या ट्रकचा खासगी विमा उतरविण्यास कां-कूं करतात, म्हणून त्यांचे लेखी उत्तर बयाणा देण्यापूर्वी मागवावे. आणि शक्य असेल तर आपला ट्रेलर, घोड्यांसकट, सोबत न्यावा आणि जवळच्या चढाउतारावरून एक फेरी मारून पाहावी. बहुतेक विक्रेते याला हरकत घेत नाहीत, आणि जो घेतो त्याच्याकडील ट्रकविषयी अधिक चौकशी करण्याचे कारण उरत नाही.